नॅचेझची घरे आणि एक अरबी पत्र

अमेरिकेच्या दक्षिण भागातील मिसिसिपी राज्यात नॅचेझ नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती १४-१५ हजारांची, म्हणजे आपल्या अकोटपेक्षा कितीतरी कमी. मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावर ते वसले आहे. तिथली दीड-दोनशे वर्षांपूर्वीची घरे पाहायला लांबलांबून लोक येतात. वसंत ऋतूत तर काही आठवडे खासगी घरांचेही दरवाजे पाहुण्यांसाठी उघडतात. या घरदर्शनाला तिथे ‘पिलग्रिमेज’ म्हणतात. पिलग्रिमेज म्हणजे तीर्थयात्रा, आपल्या बोलीत जियारत.

‘‘घरांची जियारत?’’ आपांनी चष्म्यावरून पाहत विचारले. ‘‘कोणा बुजुर्गांची घरे आहेत का?’’

‘‘बुजुर्ग नाही अम्मी, कापसाचे शेठ होते,’’ भाचा गाडी चालवता चालवता म्हणाला.

आपा म्हणजे आमची थोरली बहीण. नगर परिषदेच्या उर्दू शाळेतून त्या सदर मुअल्लिमा म्हणून निवृत्त झाल्या. दुल्हेभाई सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. दोघांच्याही नोकऱ्या संपल्यावर लुइझियाना राज्यातील बॅटन रूज शहरात नोकरीला असलेल्या मुलाने त्यांना बोलावून घेतले. शाळांना उन्हाळी सुटी होती, म्हणून त्यांची औषधे, जानमाजी आणि पासपोर्ट सांभाळायला धाकट्या बहिणीलाही सोबत नेले. अशा रीतीने हे ‘आम्ही’ झाले.

दुल्हेभाईंना उंच इमारती, मोठमोठे मॉल यांचे काही वाटत नाही. ‘‘बेटा, जुनी बांधकामे दाखव,’’ हे त्यांचे पहिल्या आठवड्यापासूनचे मागणे. त्यामागे एक घरगुती कारणही होते. अकोटला त्यांच्या दादांनी, शंभरेक वर्षांपूर्वी, कापसाच्या अडतीच्या कमाईतून बांधलेला वाडा आहे. चार भावांची नावे, पण राहणारे कोणी नाही. एका बिल्डरने बयाना दिला होता. तीन भावांच्या सह्या झाल्या होत्या, चौथी दुल्हेभाईंची राहिली होती. त्या कागदांची फाइल औषधांच्या डब्याखाली ठेवून ते अमेरिकेला आले होते. सही का केली नाही, हे ते कोणाला सांगत नव्हते. बहुधा त्यांचे त्यांनाच ठरत नसावे.

बॅटन रूजहून उत्तरेला दीडशेक किलोमीटरवर नॅचेझ. आम्ही मेथीच्या रोट्या, उकडलेली अंडी आणि लिंबाचे लोणचे बांधून घेतले होते, कारण हलाल खाणे मिळेल याची खात्री नव्हती. दोन दिवसांचा मुक्काम ठरला.

गावाची मूळ कथा फ्रेंचांपासून सुरू होते. १७१६ मध्ये त्यांनी इथे किल्ला बांधला. गावाला नाव मात्र तिथल्या मूळ आदिवासी नॅचेझ लोकांचे आहे. त्या लोकांना पुढे फ्रेंचांनी उद्ध्वस्त केले आणि नाव तेवढे मागे राहिले. मग इंग्रज आले, स्पॅनिश आले आणि १७९८ मध्ये अमेरिकेचा अंमल आला. पण गावाची खरी भरभराट कापसामुळे झाली. नदीच्या दोन्ही बाजूंची काळी, गाळाची जमीन, नदीतून थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाणारी वाफेची जहाजे आणि शेतांत राबणारे हजारो आफ्रिकी गुलाम. जमीनदारांची शेते नदीपलीकडे दूरवर असत, आणि ते स्वतः इथे कड्यावर, हवेशीर जागी महाल बांधून राहत.

यादवी युद्धात दक्षिणेतील कितीतरी गावे जळाली. नॅचेझने १८६२ मध्ये लढाई न करताच उत्तरेच्या आरमारापुढे शरणागती पत्करली, म्हणून ही घरे वाचली. त्यानंतर गरिबी आली. कापसाच्या बोंडात अंडी घालणारा एक भुंगा आला. आपल्याकडची बोंडअळी वेगळी, पण नाश तसाच. महाल गळू लागले, रंग उडाले. तेव्हा गावातील बायकांच्या बागकाम मंडळाने १९३२ मध्ये ही घरे पैसे घेऊन पाहुण्यांना दाखवण्याची प्रथा सुरू केली. त्या पैशांतून छपरे दुरुस्त झाली. दुल्हेभाईंना ही गोष्ट फार आवडली. ‘‘बघा, सरकारची वाट पाहिली नाही,’’ ते म्हणाले.

पहिल्या दिवशी आम्ही स्टँटन हॉल पाहिला. फ्रेडरिक स्टँटन आयर्लंडहून आलेला कापसाचा व्यापारी. १८५७ मध्ये त्याचे हे घर पुरे झाले. गावातला एक अख्खा चौक त्याने व्यापलेला आहे. समोर जाडजूड पांढरे खांब, आत संगमरवरी शेकोट्या, छतापर्यंत पोचणारे आरसे. हे सगळे उभारून दोन वर्षे होतात न होतात तोच, १८५९ मध्ये, मालक वारला. आपा हळूच ‘इन्ना लिल्लाहि’ म्हणाल्या. गाइड बाईंना वाटले, त्या काही विचारत आहेत.

दुल्हेभाईंची पाहण्याची रीत वेगळी. सगळे झुंबराकडे पाहत असताना ते खांबाला टिचकी मारून पाहत, दाराची चौकट हाताने चाचपत, फरशीच्या सांध्याकडे वाकून बघत. बाहेर आल्यावर आम्हाला समजावून सांगत: हा खांब दिसतो दगडी, पण आत विटा आहेत, वरून गिलावा. ‘‘गवंडी उस्ताद होता,’’ ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, ‘‘पण त्याचे नाव कुठे दिसले नाही.’’

त्यानंतर आम्ही पाहिलेल्या एका घरात दुल्हेभाईंनी गाइडला सरळच विचारले की हे बांधले कोणी. त्यांनी मालकाचे नाव सांगितले. ‘‘ते समजले. बांधले कोणी?’’ त्यांनी शिल्पकाराचे नाव सांगितले. भाच्याने इंग्रजीत तोच प्रश्न आणखी सोपा करून विचारला, तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘नोकरांनी.’’ आणि मंडळी पुढच्या खोलीकडे वळली. सोबतच्या एका काळ्या गृहस्थाने आमच्याकडे पाहून फक्त मान हलवली. वयाने ते दुल्हेभाईंएवढेच असावेत. त्यांच्या बायकोने आपांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरायला मदत केली. दोघी निवृत्त शिक्षिका निघाल्या. गुडघ्यांवर बोलणे सुरू झाले ते फाटकापर्यंत.

सगळीकडेच असे नाही. मेलरोज नावाचे घर आता अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. जॉन मॅकमरन या वकिलाने १८४० च्या दशकात ते बांधले. इथे मालकाच्या दिवाणखान्याइतकेच महत्त्व मागच्या आवारातील गुलामांच्या खोल्यांना दिले आहे. जेवणघरात टेबलावर छतापासून लोंबणारी एक मोठी लाकडी फळी आहे, नक्षीदार. तिला दोरी. गाइड म्हणाल्या, ‘‘याला पंका म्हणतात.’’

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. पंका! आपला पंखा. हिंदुस्थानातील साहेबांच्या बंगल्यांतून आणि कचेऱ्यांतून निघालेला शब्द इतक्या दूर येऊन टांगला होता. शेठ आणि त्यांचे पाहुणे जेवत असताना एक गुलाम मूल कोपऱ्यात उभे राहून ही दोरी ओढत असे, म्हणजे वारा लागावा आणि माशा उडाव्यात. दुल्हेभाईंनी त्यांच्या लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या अब्बांचे एक चुलते तहसील कचेरीत पंखेवाले होते, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून निजल्या निजल्या ओढत. ‘‘पण त्यांना महिन्याला पगार होता,’’ दुल्हेभाई म्हणाले, ‘‘आणि संध्याकाळी ते आपल्या घरी जात.’’ आपा त्या कोपऱ्याकडेच पाहत होत्या. तीस-बत्तीस वर्षे लहान मुलांना शिकवलेल्या बाईला त्या उंचीचे मूल डोळ्यांसमोर आणायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँगवुड. झाडीतून वळण घेत गाडी पुढे गेली आणि एकदम घुमट दिसला. कांद्याच्या आकाराचा, लांबून एखाद्या मशिदीचा वाटावा असा. आपांच्या तोंडून ‘माशाअल्लाह’ निघून गेले. पण हा घुमट केवळ हौसेचा. हॉलर नट नावाच्या जमीनदाराला ‘पूर्वेकडचा’ महाल हवा होता. फिलाडेल्फियाचा शिल्पकार सॅम्युएल स्लोन याने त्याला अष्टकोनी, सहा मजली, ३२ खोल्यांचा आराखडा दिला. १८६० मध्ये काम सुरू झाले. विटा त्याच जागी गुलामांनी पाडल्या. बाहेरचे सगळे काम उभे राहिले आणि १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले. उत्तरेकडून आलेले कारागीर हत्यारे टाकून घरी निघून गेले. उरलेल्या माणसांकडून, म्हणजे गुलामांकडून, नटने तळमजल्याच्या ९ खोल्या कशाबशा पुऱ्या करून घेतल्या. १८६४ मध्ये तो न्यूमोनियाने मेला. त्याची बायको-मुले त्या ९ खोल्यांत राहिली. वरचे मजले आजही तसेच आहेत: उघड्या विटा, पाडाची लाकडे, कारागिरांच्या पेट्या. मध्ये उभे राहून वर पाहिले की थेट घुमटाच्या पोटापर्यंत नजर जाते.

दुल्हेभाई तिथे अर्धा तास उभे होते. आम्हाला वाटले, गुडघा धरला. पण ते वीटकाम पाहत होते. ‘‘नमुन्याच्या घरात गिलावा सगळे झाकून टाकतो,’’ ते म्हणाले. ‘‘इथे हात दिसतात. ही कमान बघ छोटी, एकही वीट तिरकी नाही. ज्याने लावली त्याला एक दमडी मिळाली नाही.’’

या अर्धवट महालाशी आम्हा वऱ्हाडच्या लोकांचे एक जुने नाते आहे. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस या अमेरिकी दक्षिणेतून जात असे. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. कापूस अडकला. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले, रातोरात शेठ झाले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तितक्याच झटक्यात बुडाले. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता. तिथे कापसाचे पीक, बाजार आणि पाठोपाठ रेल्वे यांना याच काळात जोर आला. १८६७ मध्ये गाड्या नागपूरपर्यंत पोचल्या. खामगाव, अमरावती, अकोला, अकोट यांच्या पेठा ज्या कापसावर वाढल्या, त्या वाढीचा एक धागा या अर्ध्या राहिलेल्या विटांपर्यंत येतो. ‘‘म्हणजे यांचे घर थांबले आणि आमच्या दादांचे पुढे कधीतरी उभे राहिले,’’ दुल्हेभाई म्हणाले. त्यात अभिमान नव्हता. ते हिशोब मांडत होते.

दुपारी भाच्याने आम्हाला एका साध्या चौकात नेले. फोर्क्स ऑफ द रोड म्हणतात त्याला, जिथे जुने रस्ते फुटत. पाहण्यासारखे काही नाही: गवत, माहितीचे फलक आणि सिमेंटमध्ये अर्धवट गाडलेल्या लोखंडी बेड्या. १८३३ ते १८६३ इथे माणसांचा बाजार भरत असे. न्यू ऑर्लिन्सनंतर या भागातील सर्वांत मोठा. व्हर्जिनियासारख्या राज्यांतून माणसांना साखळीने बांधून शेकडो मैल चालवत इथे आणीत. १८६३ मध्ये उत्तरेच्या सैन्यातील काळ्या शिपायांनी हे कोंडवाडे मोडले आणि त्याच लाकडांतून सैन्याच्या बराकी उभ्या केल्या. ही जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे अगदी अलीकडे, २०२१ मध्ये आली. महालांची जियारत १९३२ पासून आणि बाजाराची ओळख इतक्या उशिरा. या चौकात आमच्याशिवाय कोणी नव्हते.

इथेच भाच्याने आम्हाला इब्राहिमची गोष्ट सांगितली. त्याने टेरी अल्फर्ड यांचे ‘प्रिन्स अमंग स्लेव्ह्ज’ हे १९७७ चे पुस्तक वाचले होते. हे वाचून तुमच्या घरातील मुलांनाही सांगावे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अब्दुल रहमान इब्राहिमा यांचा जन्म १७६२ च्या सुमाराचा. पश्चिम आफ्रिकेतील फुता जालोन या फुलानी मुसलमानांच्या राज्याचे, आजच्या गिनी देशातले, ते शाहजादे. वडील सोरी तिथले हुकूमत करणारे इमाम. इब्राहिम यांनी टिंबक्टूपर्यंत जाऊन इल्म मिळवले. १७८८ मध्ये, २६ वर्षांचे असताना, घोडदळ घेऊन लढाईवर गेले आणि पकडले गेले. गुलामांच्या जहाजातून ते नॅचेझला आले. तेव्हा इथे स्पेनचा अंमल होता. थॉमस फॉस्टर नावाच्या शेतकऱ्याने त्यांना विकत घेतले. ते शाहजादे असल्याचे कळल्यावर त्याने चेष्टेने त्यांचे नाव ‘प्रिन्स’ ठेवले. इब्राहिम एकदा पळाले, काही आठवडे जंगलात राहिले, जायला जागा नव्हती म्हणून परत आले. इझाबेला नावाच्या गुलाम स्त्रीशी त्यांनी लग्न केले, मुले झाली. ४० वर्षे त्यांनी फॉस्टरचा कापूस पिकवला. मालकाची बरकत त्यांच्या हातून झाली, असे तिथले लोकच सांगत.

१८०७ मध्ये एक अजब गोष्ट घडली. नॅचेझजवळच्या एका खेड्याच्या बाजारात इब्राहिम रताळी विकत होते. घोड्यावरून जाणाऱ्या एका गोऱ्या डॉक्टरने त्यांना पाहिले आणि ओळखले. हे डॉक्टर कॉक्स. पंचवीसेक वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते आपल्या जहाजापासून चुकले, आजारी पडले, तेव्हा फुता जालोनच्या लोकांनी त्यांना उचलून नेले होते. इब्राहिमच्या वडिलांनी त्यांना महिनोन्‌महिने पाहुणा म्हणून ठेवून घेतले, बरे केले आणि सोबत माणसे देऊन किनाऱ्यावर पोचवले. आता तोच पाहुणा यजमानाच्या मुलाची किंमत विचारत होता. कॉक्स यांनी पैसे देऊ केले, फॉस्टरने नकार दिला. कॉक्स मरेपर्यंत प्रयत्न करत राहिले. इब्राहिम सुटले नाहीत.

शेवटी कामाला आले ते लिहिणे. १८२६ मध्ये इब्राहिम यांनी अरबीत एक पत्र लिहिले. एका वृत्तपत्राच्या संपादकाने ते सिनेटरकडे दिले, तिथून ते मोरोक्कोपर्यंत गेले. अरबी अक्षरे पाहून अमेरिकनांना वाटले, हा माणूस मोरोक्कोचा असावा. मोरोक्कोच्या सुलतानाने सुटकेची विनंती केली. अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या सरकारने मध्यस्थी केली आणि १८२८ मध्ये ६६ वर्षांचे इब्राहिम मोकळे झाले. गावातील लोकांनी वर्गणी काढून इझाबेलालाही सोडवले. मुले आणि नातवंडे मात्र फॉस्टरकडेच राहिली. त्यांच्यासाठी पैसे गोळा करत इब्राहिम उत्तरेतील शहरांत हिंडले. लोक त्यांच्याकडून ख्रिस्ती प्रार्थना अरबीत लिहून मागत. ते लिहून देत. त्यातले एक कागद आजही आहे. अरबी जाणणाऱ्यांनी वाचले, तर ती प्रार्थना नाही, सूरह फातिहा आहे.

इथे आपांनी भाच्याला थांबवले. ‘‘पुन्हा सांग.’’ त्याने पुन्हा सांगितले. ‘‘४० वर्षे कापूस वेचूनही हात विसरला नाही,’’ आपा म्हणाल्या. त्या आयुष्यभर मुलांना पाटीवर अलिफ गिरवायला लावत आल्या. लहानपणी शिकलेले अक्षर कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही, असे त्या वर्गात नेहमी म्हणत. त्याचा एवढा मोठा दाखला त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता.

इब्राहिम १८२९ मध्ये लायबेरियाला पोचले. काही महिन्यांतच तापाने ते गेले. वतन फुता जालोन थोड्याच मजलींवर राहिले. त्यांनी जमवलेल्या पैशांतून दोन मुलांची कुटुंबे, आठ माणसे, पुढे इझाबेलाजवळ पोचली. बाकीची नॅचेझकडेच राहिली.

असरची वेळ होत आली होती आणि जुहर राहिली होती. आम्ही नदीच्या कड्यावर गेलो. मोबाइलच्या होकायंत्राने किब्ला ईशान्येला दाखवला. दुल्हेभाईंना ते दर वेळी नवलाचे वाटे, आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेला माणूस तो. नदी पाठीशी घेऊन, गवतावर जानमाजी अंथरून आम्ही प्रवासातली कसर नमाज पढलो. दुआ लांबली.

नंतर बाकावर बसून रोट्या खाताना दुल्हेभाई म्हणाले, ‘‘आपण मात्र फार फुशारून जायला नको. गुलाम आपल्यातही होते. इब्राहिमच्या मुलखातही होते.’’ खरे आहे. आपल्या औरंगाबादचा, तेव्हाच्या खडकीचा, पाया घालणारा मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला माणूस होता. त्याला वजीर होता आले, हे मोठे. पण विकला गेला, हेही खरेच. गुलामाला मोकळे करणे ही नेकी, मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देणे हे कर्तव्य, ही तालीम आपल्याकडे आहे. ती किती जणांनी पाळली, हा हिशोब वेगळा. त्याच गावात विल्यम जॉन्सन या हजामाचे घरही आम्ही पाहिले होते. तो गुलाम जन्मला, ११ व्या वर्षी मोकळा झाला, केशकर्तनालये चालवून स्वतःचे विटांचे घर बांधले, १८३५ पासून १८५१ पर्यंत रोजनिशी लिहिली. आणि त्यानेही गुलाम ठेवले. १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीवरून त्याचा खून झाला. साक्षीदार काळे होते आणि आपण गोरे आहोत असे आरोपीचे म्हणणे. गोऱ्यांविरुद्ध काळ्यांची साक्ष कायद्याला चालत नव्हती, म्हणून आरोपी सुटला. माणूस ज्या हवेत राहतो, ती हवा त्याच्या छातीत जातेच.

त्या रात्री हॉटेलच्या ओसरीवर आपांनी विषय काढला. अकोटच्या वाड्याचा नव्हे, वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांचा. तिथे एक खाला राहतात. त्यांच्या सासूने या घरात दळण-कांडण केले, नवऱ्याने अडतीवर हमाली केली, त्यांनी स्वतः दुल्हेभाईंच्या अम्मीची शेवटची सहा वर्षे सेवा केली. मुलगा ऑटो चालवतो. तीन पिढ्या तिथे आहेत, पण नावावर कागदाचा कपटाही नाही. बिल्डरला मोकळा ताबा हवा होता. भावांचे ठरले होते, काहीतरी हातावर ठेवून त्यांना दुसरीकडे जायला सांगायचे.

‘‘सही त्यासाठी थांबली होती ना?’’ आपांनी विचारले.

दुल्हेभाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘ते नोकर होते, गुलाम नव्हते. पगार मिळत होता.’’

‘‘किती?’’ आपा म्हणाल्या.

याला उत्तर नव्हते. ते आम्हालाही माहीत होते. ईदला कपडे, लग्नात मदत, आजारपणात औषध आणि महिन्याला जे काही. हे सगळे देताना आमच्या घरांतून ‘आपलीच माणसे’ म्हणतात. आपली माणसे असतील, तर वाटणीच्या वेळी त्यांचे नाव का निघत नाही, हा प्रश्न त्या ओसरीवर पडला आणि तिथेच बसून राहिला.

परत आल्यावर दुल्हेभाईंनी भावांना एकत्र बोलावले. सोपे गेले नाही. एक भाऊ म्हणाले, अमेरिका पाहून आलात आणि आम्हाला जालीम ठरवता. दुसऱ्यांनी किंमत किती कमी होईल, ते कागदावर काढून दाखवले. दुल्हेभाईंनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, त्या दोन खोल्या आणि गल्लीकडची अर्धा गुंठा जागा खालांच्या नावावर झाल्याशिवाय माझी सही होणार नाही. भावांचे काही नुकसान असेल, ते माझ्या हिश्शातून वजा करा. दोन महिने गेले. फोन बंद, ईदच्या दिवशी गळाभेट झाली ती उभ्या उभ्या. अखेर आम्ही सगळे दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो आणि चार भावांच्या सह्यांनी बक्षीसपत्र झाले. खालांनी अंगठा उठवला. त्यांच्या मुलाने सही केली, उर्दूत नाही, मराठीत नाही, इंग्रजीत, कारण तीच त्याला शोभिवंत वाटते. त्यानंतर दुल्हेभाईंनी विक्रीच्या कागदावर सही केली. बिल्डरने जरा कुरकुर करून आराखडा मागे सरकवला.

वाडा वाचला नाही. त्याचे आम्हाला दुःख आहे, पण तक्रार नाही. ज्या घरात कोणी राहत नाही, ते घर नुसते जपून ठेवायला नॅचेझसारखे पर्यटक अकोटला येत नाहीत. पाडण्यापूर्वी दुल्हेभाईंनी माळ्यावरच्या ट्रंकेतून दादांची वही शोधून काढली. बांधकामाच्या वर्षांची मजुरी तिच्यात मोडीत मांडलेली होती. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी शेजारच्या गल्लीत सापडले. त्यांनी तीन संध्याकाळी बसून नावे वाचून दिली: गवंडी, सुतार, बेलदार, चुन्याची घाणी चालवणारा, पाणी भरणाऱ्या दोन बायका. दोन ठिकाणी रक्कम बाकी राहिल्याची खूण होती. ती दिली गेली की नाही, वहीत पुढे नाही. दुल्हेभाईंनी तेवढ्या जागा कोऱ्या ठेवून सगळी नावे एका नव्या वहीत उतरवली, शेवटी खालांच्या सासूचे, नवऱ्याचे आणि खालांचे नाव लिहिले, आणि चारही भावांच्या मुलांना एकेक प्रत पाठवली.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत आता असे वाडे, असे मळे विक्रीला निघाले आहेत. मिरासची वाटणी कशी करावी, मुलींचा हिस्सा किती, हे विचारायला आपण आलिमांकडे जातो आणि जायलाच हवे. त्या वेळी घराच्या मागच्या खोलीत कोण राहते, त्यांचे आपल्याकडे काही बाकी आहे का, हेही एकदा भावांनी एकत्र बसून पाहावे. खाला सध्या त्यांच्या दारापुढे तुळशीएवढ्या डब्यांत पुदिना लावतात, आणि आपा गेल्या की जुडीभर तोडून देतात. पैसे देऊ केले तर रागावतात.